ज्याच्या नावावर जमीन नव्हती

२०२३ च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानं सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष जालना जिल्ह्याकडे ओढून घेतलं. पाठोपाठ न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला आणि एरवी तलाठ्या-पेशकारांच्या तोंडी असणारे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना चौदा, प्रवेश-निर्गम उतारा. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पणजोबांचं नाव कागदावर आहे की नाही यावर घरातल्या पोरांचं शिक्षण आणि नोकरी अडू शकते, हे गावोगावच्या लोकांना नव्यानं कळलं.

या महसुली कागदांचा एक स्वभाव आहे. सारा वसूल करायला, शेताची हद्द ठरवायला, हक्क लावायला ते लिहिले गेले. म्हणून ज्याच्याकडे जमीन होती त्याचं नाव त्यांत आलं. ज्याच्याकडे नव्हती तो गावात राहिला, राबला, मेला आणि दप्तरात आलाच तर ओझरता. जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतली बहुतेक ख्रिस्ती घरं या दुसऱ्या गटातली आहेत. महार आणि मांग समाजातून आलेली, गावकुसाबाहेर राहिलेली, दुसऱ्याच्या शेतावर सालानं राबलेली. अशा घरातल्या पूर्वजाचा माग काढायला तहसील कचेरीपासून सुरुवात केली तर माणूस लवकर हताश होतो. सुरुवात मिशनच्या कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या वहीपासून करायला हवी. तिथं बाई, चार दिवसांचं तान्हं मूल, सालगडी, विधवा अशा सगळ्यांना सारखीच एकेक ओळ मिळालेली आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी भूमिहीन घरांचा माणूस स्वतःच्या नावानिशी पहिल्यांदा लिहिला गेला तो या वहीत. या वह्यांची जितकी कदर व्हायला हवी होती तितकी आपल्याकडे झालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण वही कोणत्या चर्चची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ‘आमचे आजोबा ख्रिस्ती झाले’ एवढ्यावर जालन्यात भागत नाही, कारण इथं ख्रिस्ती धर्म तीन वेगवेगळ्या वाटांनी आला.

पहिली वाट छावणीची. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यातलीच. त्यानंतरच्या काळात जालन्याला इंग्रजांची मोठी छावणी उभी राहिली. मद्रास फौजेच्या पलटणी इथं राहून गेल्या, पुढे निजामाच्या खर्चानं पोसलेलं हैदराबाद कंटिन्जंट आलं. या फौजांबरोबर आयरिश कॅथलिक गोरे आले, तामीळ ख्रिस्ती शिपाई आले, बँडवाले आणि खानसामे आले. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती मद्रासमार्गे लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/२’ या मालिकेत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. तिथं शोधताना जालन्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग ध्यानात ठेवावं लागतं. आजच्या स्पेलिंगमध्ये मध्ये एक ‘यू’ घालायचा, आणि शेवटी कधी ‘एच’ असतो, कधी नसतो. या मालिकेत प्रामुख्यानं गोरे आणि अँग्लो-इंडियन सापडतात. खेड्यातला मराठी माणूस तिथं शोधण्यात वेळ घालवू नये.

दुसरी वाट प्रॉटेस्टंट. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीनं जालन्यात आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. मांग आणि महार समाजातली कितीतरी कुटुंबं त्यांच्या हातून ख्रिस्ती झाली. १८९१ साली शेषाद्री समुद्रप्रवासात वारले. त्यांचं चर्च पुढे १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं. म्हणून बेथेलच्या परंपरेतल्या घराचे कागद कॅथलिक मिशनमध्ये शोधून उपयोग नाही.

तिसरी वाट कॅथलिक मिशनची, आणि तीच आपल्या विषयाची. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ॲनेसी गावात पीटर मर्मिए यांनी १८३८ साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं मिशनरी संघ काढला आणि १८४५ साली या संघाचे पहिले धर्मगुरू हिंदुस्थानात उतरले. विशाखापट्टणम हे त्यांचं ठाणं. तिथून कामठी, नागपूर आणि निजामाच्या मुलखातल्या छावण्यांपर्यंत त्यांचा पसारा गेला. सुरुवातीला हे सगळं शिपायांसाठी होतं. खेड्यातल्या माणसापर्यंत ते पोचले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, औरंगाबादच्या पश्चिमेला गोदावरीच्या पट्ट्यात. घोगरगावचं मिशन आणि फादर गुरियन जॅकियर यांचं नाव आजही त्या भागातल्या ख्रिस्ती घरांत आदरानं घेतलं जातं. पलीकडे नगर जिल्ह्यात जर्मन जेज्विटांनी केंदळ, वळण या गावांतून त्याआधीच काम सुरू केलं होतं. जालन्याच्या कॅथलिक घरांचे धागेदोरे पुष्कळदा याच पश्चिमेकडच्या मिशनांशी जुळतात, कारण लेकी तिकडून इकडे आणि इकडून तिकडे दिल्या जात होत्या. पणजीचं माहेर वैजापूर-गंगापूरकडचं निघालं तर तिची बाप्तिस्म्याची नोंद जालन्यात असणार नाही. ती माहेरच्या मिशनमध्ये असेल.

आता हद्दीचा प्रश्न, कारण कागद हद्दीप्रमाणे फिरतो. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे सगळं हैदराबाद संस्थान. चर्चच्या हद्दी आणखी वेगळ्या. विशाखापट्टणमचा मिशन-प्रांत १८५० साली मद्रासपासून वेगळा झाला, त्यातून १८८७ साली नागपूर धर्मप्रांत निघाला, नागपूरमधून १९५५ साली अमरावती आणि अमरावतीमधून १७ डिसेंबर १९७७ ला औरंगाबाद. म्हणजे एकाच खेड्यातल्या एकाच घराची आजी नागपूर धर्मप्रांतात जन्मली, मुलगा अमरावती धर्मप्रांतात आणि नातू औरंगाबाद धर्मप्रांतात, तेही कुणी गाव न सोडता.

हे माहीत असण्याचा फायदा फार मोठा आहे. १९१८ च्या मे महिन्यात लागू झालेल्या कॅथलिक धर्मविधीसंहितेनं प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू अशा चार वह्या ठेवायला सांगितल्या. दरवर्षीच्या शेवटी त्यांची खरी नक्कल बिशपांच्या कचेरीत पाठवावी, असंही त्यात लिहिलं. मूळ वही वाळवीनं खाल्ली असेल, पावसात भिजून शाई उतरली असेल, तरी एक आशा राहते. १९३० सालच्या नोंदीची नक्कल तेव्हाच्या नियमानं नागपूरला जायला हवी, १९६० सालची अमरावतीला. प्रत्येक मिशननं हा नियम दरवर्षी पाळला असेल असं नाही. पण विचारायचं कुठं, हे तर कळतं. जालन्यात ‘जुनी वही नाही’ असं उत्तर मिळालं की बहुतेक जण तिथंच थांबतात. तिथं थांबू नये.

पाचवी वहीही असे, कुटुंबांची. लॅटिनमध्ये तिचं नाव ‘स्तातुस आनिमारुम’. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात तिचा नमुनाच दिलेला आहे. घरोघर जाऊन धर्मगुरूनं कुटुंबातली माणसं, त्यांची वयं, कोणाचा कोणता संस्कार झाला आणि कोणाचा राहिला, हे एका जागी लिहायचं. जिथं ही वही टिकली आहे तिथं पन्नास सुट्या नोंदींचं काम एक पान करतं. हिची नक्कल बिशपांकडे पाठवायची नसे. त्यामुळे ती मिशनमध्येच असते किंवा कुठंच नसते. फादरांना भेटल्यावर बाप्तिस्म्याच्या वहीबरोबर हिचीही आठवणीनं चौकशी करावी.

समजा, नशिबानं वही उघडली गेली आणि १९२८ सालचं पान समोर आलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेआधीच्या, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या नोंदी लॅटिनमध्ये असतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, कारण प्रत्येक नोंदीचा साचा एकच. आधी तारीख. मग ‘बाप्तिझावी’, म्हणजे मी बाप्तिस्मा दिला. मग मुलाचं नाव, ‘फिलिउम’ असेल तर मुलगा, ‘फिलिआम’ असेल तर मुलगी. मग बापाचं नाव, आईचं नाव, गाव. शेवटी ‘पात्रीनुस’ आणि ‘मात्रीना’, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, आणि खाली धर्मगुरूची सही. नावांना मात्र लॅटिनची विभक्ती लागते. याकोब नावाचा एकच माणूस स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत ‘याकोबुस’ असतो, पोराच्या नोंदीत बाप म्हणून ‘याकोबी’ होतो आणि त्याच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यात ‘याकोबुम’. तीन वेगळी माणसं समजून तीन वेगळे वंशवृक्ष काढून बसू नये.

खरी अडचण मराठी नावांची. लिहिणारा फ्रेंच बोलणारा असेल तर तो ‘उ’साठी दोन अक्षरं लिहितो आणि ‘च’साठी तीन. ‘ळ’ त्याच्या कानाला ऐकूच येत नाही. जर्मन असेल तर ‘व’ आणि ‘श’ची अक्षरं बदलतात. नाव डोळ्यांनी शोधण्यापेक्षा मोठ्यानं वाचून पाहावं. कागदावर ओळखू न आलेलं गाव कानाला लगेच ओळखू येतं. गावांच्या बाबतीत आणखी एक पथ्य. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव ही नावं तालुक्यातालुक्यात आहेत. पिंपळगाव म्हणजे भोकरदनचं पिंपळगाव रेणुकाई की दुसरंच कुठलं, हे शेजारच्या नोंदींवरून ठरतं. धर्मगुरू घोड्यावरून किंवा बैलगाडीनं एका फेरीत लागून असलेली गावं करत असे आणि त्याच क्रमानं बाप्तिस्मे लिहीत असे. आपल्या नोंदीच्या वरची पाच आणि खालची पाच गावं नकाशावर मांडली तर फेरीची वाट दिसते आणि तिच्यावरचं पिंपळगाव कोणतं तेही.

आडनावावर फार विसंबून राहू नये. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच. माणूस ओळखला जातो बापाच्या आणि गावाच्या नावानं. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या नोंदीत वय ‘सुमारे’ असं दिलेलं असतं आणि ते वीस, तीस, चाळीस असं गोल आकड्यात येतं. त्या आकड्यावरून जन्मसाल काढलं तर पाच-सात वर्षांचा फरक सहज पडतो. बायकांचं आणखी अवघड. बाप्तिस्म्यात कितीतरी जणींना मारिया हेच नाव मिळालं. गाव त्यांना मरेपर्यंत सखू, भागा, सोना म्हणत राहिलं. मोठ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आधीचं नाव दिलेलं असलं तर ते सोन्यासारखं जपावं. पुढच्या सगळ्या मारियांमधून आपली पणजी वेगळी काढायला तेवढाच आधार असतो.

धर्मपिता-धर्ममाता कोण, इकडेही नीट पाहावं. लहान मुलाला मांडीवर घेणारी ही माणसं बहुधा नात्यातली असतात: मामा, आत्या, मोठी मावशी. बापाचं आडनाव नसलं तरी मामाच्या नावागावावरून आईचं माहेर सापडतं. एकच नाव पानामागून पान धर्मपिता म्हणून येत असेल तर मात्र तो नातेवाईक नव्हे. तो बहुधा मिशनचा मास्तर. गावोगाव प्रार्थना आणि प्रश्नोत्तरं शिकवणाऱ्या या मास्तरांनीच शेकडो जणांना बाप्तिस्म्यासाठी तयार केलं आणि दुसरं कुणी नसेल तिथं धर्मपिता म्हणूनही तेच उभे राहिले.

नोंदीत ‘सुब कोंदिसिओने’ असे दोन शब्द दिसले तर जालन्यातल्या शोधकानं कान टवकारावेत. याचा अर्थ बाप्तिस्मा सशर्त दिला: ‘आधी झाला नसेल तर’. प्रॉटेस्टंट चर्चमधून कॅथलिक चर्चमध्ये आलेल्या माणसाला त्या काळी असा सशर्त बाप्तिस्मा देत. म्हणजे हे घर आधीच ख्रिस्ती होतं. अशा वेळी एक पिढी मागं जायला बेथेलच्या परंपरेतल्या किंवा नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या वह्या पाहाव्या लागतील. दोन शब्दांनी शोधाची दिशाच बदलते, आणि बाप्तिस्म्याचा छापील दाखला मागून घेणाऱ्याला ते दोन शब्द कधी दिसणारही नाहीत.

समासाचंही तसंच. १९०८ च्या ईस्टरपासून ‘ने तेमेरे’ या फर्मानानं एक शिस्त लागली: माणसाचं लग्न कुठंही झालं तरी ते लावणाऱ्या धर्मगुरूनं त्याच्या बाप्तिस्म्याच्या गावी कळवायचं आणि तिथल्या धर्मगुरूनं मूळ नोंदीशेजारी समासात ते टिपायचं. आजच्या १९८३ च्या संहितेतही हा नियम आहे. मराठवाड्यातल्या माणसाच्या शोधात याचं मोल फार आहे, कारण इथला भूमिहीन माणूस एका जागी राहिलेलाच नाही. ऊसतोडीला गेला, १९७२ च्या दुष्काळात मुंबई-पुण्याला गेला, रेल्वेच्या गँगमध्ये लागला. ‘मोठे चुलत आजोबा मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकायला मिळतं. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या समासात लग्नाची तारीख, मुंबईतल्या चर्चचं नाव आणि बायकोचं नाव असेल तर घराची तुटलेली फांदी तिथून पुन्हा सापडू शकते. म्हणून फादरांकडे दाखला मागावाच, पण शक्य असेल तर समासासकट पूर्ण ओळ पाहू द्यावी अशी नम्र विनंतीही करावी.

विवाहाच्या वहीत एक गोष्ट अशी आहे की तिचं महत्त्व मराठी माणसालाच कळावं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे आणि ख्रिस्ती झाल्यावर ती लगेच सुटली नाही. कॅथलिक धर्मविधीला मात्र जवळचं रक्ताचं नातं आडवं येतं. आते-मामे भावंडांचं लग्न लावायचं तर धर्माधिकाऱ्यांकडून खास सूट घ्यावी लागते, तेव्हाही लागे आणि आजही लागते. अशी सूट घेतली असेल तर लग्नाच्या नोंदीत तिचा उल्लेख येतो आणि नातं कितव्या पायरीचं ते लिहिलेलं असतं. अर्जात तर दोघांचा समान पूर्वज कोण आणि त्याच्यापासून दोघं कसे खाली आले, हे मांडून दाखवावं लागे. जो वंशवृक्ष आपण काढायला निघालो, तो शंभर वर्षांपूर्वी एका फादरनं नवरा-नवरीला विचारून आधीच काढून ठेवलेला असू शकतो. ‘दुसऱ्या पायरीत’ असं दिसलं की नवरा-नवरीचे आजोबा-आजी एक आहेत असं समजावं, आणि धर्मप्रांताच्या कचेरीत सूट मागणाऱ्या अर्जाची चौकशी करावी.

मृत्यूची वही वाचताना मन घट्ट करावं लागतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला खेड्यांत मानमोडी म्हणत. त्या वर्षीच्या शरदात एकाच घरातल्या दोन-तीन नोंदी लागोपाठ आल्या तर कारण वेगळं शोधायला नको. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत बापाचं दुसरं लग्न दिसतं, आणि सावत्र भावंडांचा उलगडा होतो. गावच्या कब्रस्तानात मात्र फारसं हाती लागत नाही. गरिबाच्या थडग्यावर दगड नव्हता, असला तर नाव नव्हतं.

चर्चच्या वह्या पाहून झाल्या की मग सरकारी कागदांकडे वळावं. आता हाती नाव, बापाचं नाव, गाव आणि अदमासे साल असतं. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू आली. जुने कागद उर्दूत, मोडीत किंवा दोन्हींत मिळतात आणि साल फसली असतं. संस्थानाचं फसली वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू होई. पहिल्या तीन महिन्यांसाठी फसलीत ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे फसली १३४० हे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. हा हिशेब जवळ नसला की बाप्तिस्म्याची नोंद आणि गावची नोंद एकाच माणसाची असूनही जुळत नाहीत. महारकीच्या इनाम जमिनीच्या कागदांत हिस्सेदारांची नावं मिळू शकतात. भूमिहीन घरासाठी महसुली दप्तरातला तो दुर्मीळ कोपरा. १९५१ च्या जनगणनेवेळी झालेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर टिकलेलं असेल तर फारच उत्तम, कारण त्यात जमीन असो-नसो, घरातली सगळी माणसं आहेत. संस्थानाच्या वरच्या पातळीवरचं दप्तर हैदराबादला तारनाक्यातल्या राज्य अभिलेखागारात आहे, पण एका खेडुताच्या शोधासाठी तिथवर जायची गरज क्वचितच पडते.

शाळेचं जनरल रजिस्टर मात्र चुकवू नये. त्यातल्या जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, एवढं पथ्य. मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीनं १ जून लिहिलेली माणसं महाराष्ट्रात लाखांनी असतील. बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांत काही दिवसांचं किंवा फेरी येईपर्यंतच्या महिन्यांचं अंतर असतं, आणि ती लिहिताना आई समोर उभी असते. दोन तारखा वेगळ्या आल्या तर मी फादरांची धरीन.

शाळेच्या रजिस्टरातला धर्म-जातीचा रकाना हा आणखी नाजूक विषय. एकाच आईबापाच्या तीन मुलांपुढे तीन वेगळ्या नोंदी आढळतात: ‘ख्रिश्चन’, ‘महार ख्रिश्चन’, ‘हिंदू महार’. यात फसवणूक शोधू नये. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरलं जातं आणि त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा मागितला जातो. धर्म पाळायचा आणि पोरांचं शिक्षणही करायचं, अशा कात्रीत सापडलेल्या बापानं शाळेत काय सांगितलं असेल, हे समजून घ्यायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. ज्याला दाखल्यासाठी पुरावा हवा आहे त्याला १९६७ आधीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीनं धर्मांतराची तारीख मिळते, आणि आधीची जात शाळेच्या किंवा गावच्या कागदातून जोडावी लागते. एकट्या कागदावर काम भागत नाही.

आयर्लंडमध्ये हीच वेळ कॅथलिक शेतमजुरांच्या वंशजांवर आली होती. १९२२ साली डब्लिनमधलं सरकारी अभिलेखागार जळालं आणि जनगणनेचे जुने कागद गेले. खेड्यातल्या चर्चच्या वह्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या खेड्यातच होत्या. २०१५ साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांच्या पानांची छायाचित्रं सगळ्यांना फुकट खुली केली. आपल्याकडच्या वह्या अशा खुल्या नाहीत, आणि अलीकडच्या नोंदी खुल्या असूही नयेत, कारण त्यांत जिवंत माणसांच्या खाजगी गोष्टी आहेत: दत्तक, सूट, मोडलेली लग्नं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पानांची छायाचित्रं काढून धर्मप्रांताच्या कचेरीत जपून ठेवायला काय हरकत आहे? वाळवी कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. मिशनमधली तरुण मंडळी आणि फादर मिळून एका पावसाळ्यात हे काम उरकू शकतील.

वही पाहायला जाताना मात्र हक्कानं जाऊ नये. ती सार्वजनिक दप्तर नव्हे. रविवारच्या मिस्सेनंतर फादरांना गर्दीत गाठण्यापेक्षा आधी पत्र किंवा फोन करावा. पूर्वजाचं नाव, बापाचं नाव, गाव, अदमासे साल आणि शोध कशासाठी, हे एका कागदावर लिहून द्यावं. ‘आमच्या घराण्याचं सगळं शोधून द्या’ अशा मागणीनं फादरही गोंधळतात. ‘१९२५ ते १९३५ या काळात अमुक गावच्या याकोबची मुलं’ अशी मागणी केली तर ते बहुधा स्वतःच वही काढून बसतात.

आणि मिशनमध्ये जाण्याआधी भावकीत जावं. घरातली सगळी माणसं एका वेळी ख्रिस्ती झाली असं क्वचितच घडलं. एक भाऊ बाप्तिस्मा घेई, दुसरा जुन्याच धर्मात राही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्या दुसऱ्या भावाचं घर बौद्ध होई. आज त्याच आडनावाची, त्याच गावची, त्याच पणजोबांची नातवंडं दोन-तीन धर्मांत आहेत आणि लग्नकार्यात एकमेकांकडे येतात-जातात. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्यापासूनची माणसं मिळतात. त्याआधीची नावं त्या बौद्ध चुलत घरातल्या ऐंशीच्या म्हातारीच्या तोंडी असतात: पणजोबांचा बाप कोण, तो मूळचा कुठल्या गावचा, त्याच्या बहिणी कुठं दिल्या होत्या. ती सांगत असताना फोनवर रेकॉर्ड करून घ्यावं, आणि तिनं घेतलेलं प्रत्येक नाव मग वहीत पडताळून पाहावं.